काल्हेरचा उन्हाळा: छप्पर, दमटपणा आणि कामाचे तास

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की काही मिनिटांत काल्हेर लागते. जवळच उल्हास नदीची खाडी, गावातून अंजूरफाट्याकडे जाणारा रस्ता आणि दोन्ही अंगांना पत्र्याच्या छपरांची गोदामे, जुनी आगरी वस्ती, चाळी आणि अलीकडे उभ्या राहिलेल्या इमारती असे या गावाचे आजचे रूप आहे. काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली या पट्ट्यात पूर्वी भातशेती होती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेरची स्वस्त जमीन आणि जवळून जाणारा मुंबई–नाशिक महामार्ग यांमुळे इथे गोदामे आली. खाचरांवर भराव पडला, ओलावा धरणारी जमीन काँक्रीटखाली गेली आणि सावलीची झाडे कमी झाली. त्यामुळे इथल्या उन्हाळ्याचा विचार करताना आकाशातून येणाऱ्या उन्हाइतकाच या बदललेल्या जमिनीचा आणि छपरांचा विचार करावा लागतो.

दोन तऱ्हेची उष्णता

उत्तर कोकणात उष्णता दोन वेगळ्या रूपांत येते. पहिली मार्च–एप्रिलमधली. या दिवसांत कधी कधी दख्खनच्या तापलेल्या पठारावरून पूर्वेचे कोरडे वारे वाहतात आणि समुद्रावरून येणारा गार वारा दुपार उलटेपर्यंत आत शिरत नाही. मग पारा झपाट्याने चढतो. मुंबईत सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, ते अशाच काळात. दुसरी उष्णता मे महिन्याची. तेव्हा समुद्रावरचा वारा लवकर सुटतो, पारा ३३ ते ३६ अंशांच्या आसपास थांबतो, पण हवेत ओलावा इतका असतो की अंगावरचा घाम वाळत नाही. रात्रीही पारा २७–२८ अंशांखाली जाता जात नाही.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ३७ अंश असावे लागते आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त असावे लागते. मैदानी भागासाठी ही मर्यादा ४० अंशांची आहे. या निकषात पहिली उष्णता बसते, दुसरी बहुधा बसत नाही. उष्ण व दमट हवेचा इशारा हवामान विभाग वेगळा देतो, पण त्याकडे ‘लाट’ या शब्दाइतके लक्ष जात नाही.

तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून काढलेला उष्णता निर्देशांक पाहिला तर या दुर्लक्षाचा धोका कळतो. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला जाणवणारी उष्णता सुमारे ३९ अंशांची असते. तापमान ३४ अंशच, पण आर्द्रता ६० टक्के असेल तर ती सुमारे ४२ अंशांवर जाते. म्हणजे विदर्भातल्या कोरड्या चाळिशीपेक्षा काल्हेरची दमट चौतिशी अंगाला जड पडू शकते. शिवाय हवामान केंद्रातला तापमापक सावलीतल्या, हवा खेळणाऱ्या पेटीत असतो. पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या असलेल्या कंटेनरमध्ये काम करणाऱ्या माणसाचे तापमान तो सांगत नाही.

याच किनारपट्टीवर, नवी मुंबईतल्या खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. लोक उघड्या मैदानात कित्येक तास उन्हात बसले होते. चंद्रपूर–नागपूरकडे ज्या आकड्याची फारशी दखल घेतली जात नाही, तो आकडा किनाऱ्यावरच्या दमट हवेत जीवघेणा ठरतो, हे या घटनेने महाराष्ट्राला फार मोठी किंमत देऊन शिकवले.

शरीर उष्णता कशी टाकते

माणसाच्या शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते आणि त्वचेचे साधारण ३५. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गार असेल तोवर उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा तितकीच तापली की एकच मार्ग उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम त्वचेवर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एवढीच की तो वाळला पाहिजे. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला गारवा देत नाही. त्याने पाणी आणि मीठ मात्र जाते. दमट हवेत घामाचा मोठा भाग असाच वाया जातो.

हवेतली उष्णता आणि ओलावा यांचा एकत्रित ताण ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाने मोजतात. हे ‘ओले तापमान’ ३५ अंशांवर गेले तर निरोगी माणूस सावलीत स्वस्थ बसूनही फार काळ जगू शकत नाही, असा सैद्धांतिक अंदाज होता. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेतली मर्यादा त्याहून खाली, ३१ अंशांच्या आसपास आढळली. म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर स्त्रिया, हृदयाचे, मूत्रपिंडाचे व मधुमेहाचे रुग्ण यांची मर्यादा आणखी खाली असते. लघवी जास्त होण्याची औषधे, रक्तदाबावरची काही औषधे आणि मानसिक आजारांवरची काही औषधेही शरीराची ही क्षमता कमी करतात. अशा रुग्णांनी उन्हाळा सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, औषध मनाने बंद करू नये.

शरीराला उष्णतेची सवय होते, पण तिला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण घटतो. काम सुटले की ही सवयही हळूहळू मोडते. म्हणूनच हंगामातली पहिली लाट आणि कामावरचा पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा.

छप्पर

काल्हेरच्या अक्षांशावर १६ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. उन्हाळ्याच्या ऐन भरात दुपारचे ऊन भिंतींना जेमतेम लागते. ते जवळजवळ सगळे छपरावर पडते. सकाळी पूर्वेची आणि संध्याकाळी पश्चिमेची भिंत तापते, एवढेच. या भागात घर किंवा गाळा थंड ठेवायचा तर पहिला पैसा छपरावर खर्च करावा, याचे कारण हे आहे.

उन्हात गंजका, काळवंडलेला पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो. तो खालच्या हवेला तापवतो आणि थेट माणसाच्या डोक्यावर उष्णता फेकतो. त्यामुळे गोदामातली हवा तापमापकावर ३६ अंश दाखवत असली तरी थप्पीच्या वरच्या थरावर, पत्र्यापासून हातभर अंतरावर काम करणाऱ्या हमालाला त्याहून कितीतरी जास्त ताप सोसावा लागतो. पत्र्याचा एक गुण मात्र आहे: सूर्य मावळला की तो लवकर निवतो. स्लॅबचे उलट. दिवसभर साठलेली उष्णता तो मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. म्हणून पत्र्याच्या चाळीत दुपार कठीण जाते आणि इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर रात्र.

सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. छपरावर चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या रंगाचा हात दिला की पत्रा कमी तापतो आणि खालची खोली साधारणपणे २ ते ५ अंशांनी गार राहू शकते. अहमदाबादने गरीब वस्त्यांमध्ये २०१७ पासून अशी ‘थंड छपरे’ करायला सुरुवात केली. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणच आणले. कोकणात मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इथला मुसळधार पाऊस चुना धुऊन नेतो, छपरावर शेवाळ धरते, ते वाळून काळे होते आणि त्यावर रस्त्याची धूळ बसते. म्हणून चुना दरवर्षी फेब्रुवारीत, छप्पर घासून, नव्याने द्यावा लागतो. स्लॅबवर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी जास्त वर्षे टिकते. घरात पत्र्याखाली थोडे अंतर सोडून दुसरे छत घातले आणि मधली हवा बाहेर जायला वाट ठेवली तरी मोठा फरक पडतो. गोदामात छपराच्या माथ्यावर गरम हवेला वाट देणारी फट किंवा वाऱ्याने फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बसवले, आणि खाली समोरासमोर झरोके ठेवले, तर विजेशिवाय हवा खेळते. मालाच्या थप्प्या भिंतीला चिकटवून थेट छपरापर्यंत रचल्या, तर हे झरोके असून नसल्यासारखे होतात.

गोदाम, कंटेनर आणि माग

घरात बसलेल्या माणसाला सावली शोधता येते, हमालाला ती कामाच्या जागीच मिळावी लागते. चाळीस फुटी कंटेनर रिकामा करण्याचे काम याचे सर्वांत कठोर उदाहरण. चारी बाजूंनी पोलाद, दार एकाच टोकाला, आत वारा नाही. हमालांची टोळी आत शिरते तेव्हा दारापाशी निदान हवा असते. खोके बाहेर येतात तसतशी माणसे आत आत जातात आणि शेवटची थप्पी काढताना ती दारापासून सर्वांत दूर, सर्वांत तापलेल्या कोपऱ्यात असतात. दमलेली माणसे सर्वांत वाईट हवेत, असा हा क्रम आहे. मजुरी गाडीवर ठरलेली असते, वाराई (गाडी भरण्या-उतरवण्याचा आकार) ठरलेली असते, पुढची गाडी रांगेत उभी असते. दहा मिनिटे बसले तर ती दहा मिनिटे टोळीच्या खिशातून जातात. उष्माघाताचे मूळ अनेकदा या हिशेबात असते.

उपाय माहीत आहेत आणि फार खर्चाचे नाहीत. गाड्या उतरवण्याचे जड काम सकाळी अकराच्या आत आणि दुपारी चारनंतर लावावे. कंटेनर शक्यतो सावलीत किंवा ताडपत्रीखाली लावावा, दार उघडून आधी काही वेळ तापलेली हवा जाऊ द्यावी आणि दारापाशी मोठा पंखा आतल्या दिशेने वारा फेकेल असा ठेवावा. आत काम करणाऱ्यांची दर पंधरा–वीस मिनिटांनी आलटापालट करावी. त्याच वेळी प्रत्येकाने पेलाभर, म्हणजे साधारण पाव लिटर पाणी प्यावे. तहान लागेपर्यंत थांबू नये आणि तासाला दीड लिटरच्या वर एकदम ढोसूही नये. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्यावर ठेवून रोज तेवढीच वाढ करावी, असा अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक आहे. उत्तर प्रदेश–बिहारमधल्या गावी लग्नसराईला जाऊन परतलेल्या कामगारालाही पहिल्या दिवशी निम्मेच काम द्यावे. जुना आहे, सवय आहे, असे म्हणून त्याला थेट कंटेनरमध्ये पाठवणे घातक आहे.

पॅकिंगच्या कामावरच्या बायकांचा प्रश्न वेगळा आणि नेहमी दुर्लक्षित राहणारा आहे. जवळ स्वच्छ, कडी लागणारे शौचालय नसेल तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. अशा जागी थंड पाण्याचा पिंप ठेवून काही साधत नाही. आधी शौचालय हवे.

भिवंडी शहरातल्या यंत्रमाग कारखान्यांत आणखी एक अडचण असते. कोरड्या हवेत सुती धागा तुटतो, म्हणून खिडक्या बंद ठेवून ओलावा राखण्याकडे कल असतो. यंत्रांची उष्णता, बंद खिडक्या आणि लांब पाळ्या असे सगळे एकत्र येते. सायझिंगच्या, म्हणजे धाग्याला खळ देण्याच्या कारखान्यात त्यात वाफेची भर पडते. इथे छपराजवळची गरम हवा बाहेर काढणे, मागांच्या ओळींमध्ये पंखे बसवणे आणि पाळीत ठरलेली विश्रांती देणे, एवढे तरी झालेच पाहिजे.

रस्त्यावर रांगेत तासन्‌तास थांबलेल्या ट्रकचालकाचे छप्परही पत्र्याचेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहनांना वातानुकूलित केबिन केंद्र सरकारने सक्तीची केली आहे. त्याआधीच्या गाड्या मात्र अजून बरीच वर्षे धावणार आहेत. चालकांसाठी सावलीची, पाण्याची आणि शौचालयाची जागा ही गोदाम संकुलांची जबाबदारी ठरते.

घर आणि रात्र

दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचा ताण आदल्या दिवसाच्या ताणावर चढतो. म्हणून रात्रीची झोप हा उष्णतेवरचा खरा उपचार आहे. खाडीवरचा वारा संध्याकाळी सुटतो तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. मात्र खाडीकाठी डास असतात आणि त्यांच्या भीतीने खिडक्या बंद राहतात. खिडकीला बसवलेली साधी जाळी इथे थंडाव्याच्या यंत्राइतकेच काम करते.

विदर्भ–खानदेशात घरोघरी दिसणारा पाण्याचा कूलर काल्हेरमध्ये फारसा उपयोगी नाही. तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. मेच्या दमट हवेत बाष्पीभवन कमी होते आणि खोलीतला ओलावा मात्र वाढतो. वाळ्याच्या पडद्यांचे आणि माठाचेही तेच. कोकणातल्या मे महिन्यात माठातले पाणी घाटावरच्याइतके गार होत नाही. पंखा मात्र इथे उत्तम साथ देतो, कारण अंगावरचा घाम वाळवायला वाराच हवा असतो. हवा ४० अंशांच्या खाली असेल तोवर पंखा वापरावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओल्या फडक्याने अंग पुसून पंख्याखाली बसले तर दमट हवेतही आराम पडतो. पूर्व–पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून ताडपत्री, चटई किंवा हिरवी जाळी टाकावी. आतला पडदा ऊन घरात शिरल्यानंतर अडवतो, बाहेरचे आच्छादन ते आत येण्यापूर्वीच थोपवते.

पिणे आणि खाणे

या भागातल्या उन्हाळी पेयांना अनुभवाचा आधार आहे. कैरीचे पन्हे, कोकम सरबत, जिऱ्या-मिठाचे ताक, सोलकढी यांतून पाण्याबरोबर मीठही मिळते. ताडगोळे, कलिंगड, शहाळे यांनी पाणी मिळते. घाम गाळून काम करणाऱ्याने नुसते पाणी लिटरवर लिटर पिऊ नये. रक्तातले मीठ उतरून चक्कर, मळमळ, झटके येऊ शकतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती मिश्रण पुरेसे आहे. चमचा लहान, चहाचा धरावा. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दारू शरीरातले पाणी घालवते आणि भान कमी करते, म्हणून उन्हात ती दुप्पट घातक. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही हा समज आधाराविना आहे; जेवणात कांदा खाण्याला मात्र हरकत नाही.

आजार ओळखणे आणि पहिला उपचार

उष्णतेचा त्रास पायऱ्यांनी वाढतो. आधी पोटऱ्यांत, पोटात गोळे येतात. मग थकवा, डोकेदुखी, मळमळ, चक्कर आणि भरपूर घाम. इथपर्यंत सावली, वारा, मीठ-साखरेचे पाणी आणि विश्रांती यांनी माणूस सावरतो. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. अशा वेळी त्वचा कोरडी असतेच असे नाही. कष्ट करताना कोसळलेल्या तरुण कामगाराचे अंग घामाने निथळत असू शकते. बरळणारा माणूस दारू प्यायला आहे असे समजून त्याला कोपऱ्यात झोपवून ठेवणे, ही या कामात होणारी सर्वांत जीवघेणी चूक आहे.

उष्माघातात पहिला अर्धा तास निर्णायक असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. कशेळी–अंजूरफाटा रस्त्यावरची कोंडी लक्षात घेता भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय गाठायला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. म्हणून जागेवरच अंग थंड करायला लागावे. कपडे सैल करावेत किंवा काढावेत, अंगावर पाणी ओतत राहावे, जोरात वारा घालावा आणि मान, काखा, जांघा येथे बर्फ ठेवावा. मोठी टाकी किंवा टब असेल तर तोंड पाण्याबाहेर धरून गार पाण्यात बसवणे सर्वांत परिणामकारक. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटॅमॉल देऊ नये. हा संसर्गाचा ताप नसल्याने त्याचा उपयोग होत नाही. प्रत्येक गोदामात बर्फ कुठे मिळेल, पाण्याचा पाइप कुठे आहे आणि फोन कोण करील हे मुकादमाला आधीपासून ठाऊक असावे.

प्रशासन आणि कायदा

अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला: आगाऊ इशारा, रुग्णालयांची तयारी, पाणपोया, वस्त्यांत जाऊन माहिती. नागपूरने २०१६ मध्ये ती वाट धरली आणि ठाणे महापालिकेने २०२४ मध्ये आपला आराखडा आणला. पण काल्हेर ठाणे महापालिकेत नाही आणि भिवंडी–निजामपूर महापालिकेतही नाही. शहरासारखी दाटी आणि शहराहून अवघड काम असलेल्या या गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे, आणि नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. दोन महापालिकांच्या मध्ये पडलेल्या या पट्ट्याला स्वतःचा आराखडा हवा. तो जिल्हा परिषद, प्राधिकरण, गोदाम मालक आणि माथाडी मंडळे यांनी मिळून करावा लागेल.

१९४८ च्या कारखाने कायद्यात हवा, तापमान आणि पिण्याच्या पाण्याच्या तरतुदी होत्या, पण साधे साठवणुकीचे गोदाम त्या कायद्याच्या अर्थाने कारखाना ठरत नव्हते. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा हमालांच्या मजुरीला आणि कल्याणाला संरक्षण देतो. मंडळात नोंद नसलेल्या टोळ्या त्या छत्राबाहेर राहतात. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरच्या कामाला बंदी आहे. इथे तशी विश्रांती आणायची तर तिची मजुरी कोण देणार हे आधी ठरले पाहिजे. गुजरातेतल्या ‘सेवा’ संघटनेने ठरावीक तापमानाच्या वर पारा गेला की महिला सभासदांच्या खात्यात रक्कम जमा करणारा विमा काढून एक दिशा दाखवली आहे. गाडीमागे मजुरी देणाऱ्या काल्हेरच्या गोदामांत उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी विश्रांतीच्या वेळेची मजुरी वाराईतच धरणे, हा त्याहून सोपा मार्ग आहे.

या सर्व उपायांना क्रम लावता येतो. छपरावर चुना, कामाच्या वेळांत बदल, पाण्याची आणि बर्फाची सोय, मुकादमाला उष्माघात ओळखण्याचे शिक्षण: हे एका महिन्यात होण्यासारखे आहे. शौचालये, माथ्यावरचे झरोके, चालकांसाठी निवारा, खिडक्यांना जाळ्या यांना एक हंगाम लागेल. नव्या गोदामांना थंड छपराची अट, रस्त्याकडेला झाडे, खाडीकाठच्या तिवरांचे व उरलेल्या मोकळ्या जमिनीचे रक्षण यांना अनेक वर्षे लागतील. पहिल्या गटातल्या कामांना नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. ती प्रत्येक फेब्रुवारीत सुरू करून मार्चची पहिली लाट येण्यापूर्वी पुरी करणे हे मालकांचे आणि ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे, कारण उष्माघाताने होणारा बहुतेक प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा असतो.